बोलायला शिकलो, ऐकायला केव्हा शिकणार?

संध्याकाळच्या कर्जत-खोपोली गाडीत एकदा तरी बसून पाहावे. पळसधरी, केळवली, डोळवली, लौजी अशी गाडी रेंगाळत निघते आणि डब्यात गप्पांना ऊत येतो. सुपरवायझरने कोणाचा खाडा मांडला, ठेकेदाराने कोणाचे ओव्हरटाइमचे पैसे बुडवले, ग्रामसभेत कोण काय बोलले, क्रिकेटचा सामना कोणामुळे हरलो, सगळ्याचा हिशेब त्या अर्ध्या तासात होतो. डब्यातला प्रत्येक जण वक्ता असतो. हात वर करून, आवाज चढवून, दाखले देऊन बोलतो. ऐकणाऱ्यालाही मजा येते.

हाच माणूस खोपोलीला उतरतो, वस्तीत शिरतो, दारात चपला काढतो आणि त्याच्या तोंडाला कुलूप लागते. ‘चहा टाक.’ ‘टीव्हीचा आवाज कमी कर.’ ‘जेवायला वाढ.’ तीन वाक्यांत घरची रात्र संपते. बायको काही सांगू लागली की उत्तर ठरलेले, ‘अगं, दमून आलोय. आता कटकट नको.’ गाडीतला वक्ता घरात मुका होतो. आम्ही हे दुसऱ्याची उणीदुणी काढण्यासाठी लिहीत नाही. त्या डब्यात आम्हीही वर्षानुवर्षे बसलो आहोत आणि घरी गेल्यावर आमचीही तीच तऱ्हा होती.

आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. खालापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतील घर. वडील कारखान्यात ठेकेदारीवर, आई बचतगटात. मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. नर्सिंगच्या यादीत तिचे नाव लागले. फी भरण्याला चार दिवसांची मुदत होती. पहिल्या दिवशी वडील रात्रपाळीहून येऊन झोपले होते. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराशी भांडण होऊन घरी आले, म्हणून आईने मुलीला खुणेने गप्प केले. तिसऱ्या दिवशी मुलीने ‘बाबा, जरा बोलायचं होतं,’ एवढे म्हटले. वडील मोबाईलवरून मान वर न करता म्हणाले, ‘उद्या बोल.’ उद्याचा दिवस मुदतीचा शेवटचा होता आणि त्या दिवशी ते डबल ड्यूटीला थांबले.

आठवड्याने त्यांना शेजाऱ्याकडून कळले. माणूस वाईट नव्हता. पतपेढीतून किंवा चार ओळखीच्यांकडून त्यांनी पैसे नक्की उभे केले असते. ते रडकुंडीला येऊन मुलीला म्हणाले, ‘अगं, मला सांगितलं का नाहीस?’ मुलगी एवढेच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही ऐकता कुठे?’

पैशाअभावी मुलांचे शिक्षण थांबल्याची उदाहरणे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यावर आपण सभा घेतो. इथे एक वर्ष गेले ते पैशाअभावी गेले नाही. चार दिवसांत दहा मिनिटांचे बोलणे झाले नाही म्हणून गेले. त्यावर सभा कोण घेणार?

हा आवाज फुकट मिळालेला नाही

बोलणे या गोष्टीची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळायला हवी? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याचे नावच मुळी ‘मूकनायक’ ठेवले. ज्यांना तोंड असून बोलता येत नव्हते, त्यांचा नायक. सात वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, याच आपल्या जिल्ह्यात, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर आपले पूर्वज ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. हाताने पाणी घेतले आणि लगेच लेखणीने त्याचे कारण जगाला सांगितले. कृती आणि बोलणे ही दोन्ही चाके बरोबर चालली पाहिजेत, हे त्यांना ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट कामगार कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावी. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार या तिघांचे प्रतिनिधी एकत्र बसणारी परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तोवर मालक हुकूम द्यायचा आणि कामगार एक तर मान खाली घालायचा किंवा संप करायचा. बाबासाहेबांना संपाचे वावडे नव्हते. १९३८ साली ७ नोव्हेंबरला मुंबईत जो मोठा संप झाला, त्याच्या पुढाऱ्यांत ते स्वतः होते. तरीही मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी तिघांना एका टेबलाशी बसवण्याला महत्त्व दिले. पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची समिती नेमण्याची तरतूद आली. आवाज उठवायचा आणि टेबलाशी बसून बोलायचेही, अशा दोन्ही गोष्टी त्यांच्या जीवनातून आपल्याला मिळाल्या. पहिली आपण चांगली घेतली. दुसरीकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले असे आम्हास वाटते.

नम्र बोलणे म्हणजे लाचारी नव्हे

‘नीट बोला, गोड बोला’ असा उपदेश ऐकला की आपल्यातल्या अनेकांच्या कपाळावर आठी पडते. ते स्वाभाविक आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना ‘जोहार मायबाप’ म्हणत पिढ्यान्पिढ्या नम्रच बोलावे लागले. साठी ओलांडलेल्या माणसाला दहा वर्षांच्या पोराने ‘अरे’ म्हणावे आणि म्हाताऱ्याने मान लववावी, अशी ती नम्रता होती. तिला आपण मूठमाती दिली ते योग्यच केले. पण मग त्या लाचारीची चीड म्हणून प्रत्येक ठिकाणी आवाज चढवणे, हाही काही मार्ग नव्हे. कारण त्यात आपला मुद्दा हरवतो आणि फक्त आपला आवाज लोकांच्या लक्षात राहतो.

मग बोलावे कसे? याचे उत्तर आपल्या पंचशीलातच आहे. चौथे शील आपण दर रविवारी विहारात घेतो. खोटे बोलणार नाही, एवढाच त्याचा अर्थ आपण धरतो. परंतु अष्टांगिक मार्गातली सम्यक वाचा चार गोष्टी टाळायला सांगते: खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि निरर्थक बडबड. आपण पहिलीवर थांबतो आणि उरलेल्या तिन्ही वस्तीच्या नळावर, कट्ट्यावर नि फोनवर बिनदिक्कत चालू असतात.

तथागतांची अभय राजकुमाराशी झालेली भेट या बाबतीत फार बोधप्रद आहे. तथागत कोणाला न रुचणारे शब्द बोलतात काय, असा पेचाचा प्रश्न घेऊन राजकुमार आला होता. त्याच्या मांडीवर तान्हे मूल होते. भगवंतांनी त्यालाच विचारले, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? राजकुमार म्हणाला, काढीन, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मुलाविषयी मला करुणा आहे. भगवंतांनी त्यातूनच समजावले. जे खरे नाही आणि हिताचे नाही, ते तथागत बोलत नाहीत. जे खरे आणि हिताचे आहे, ते ऐकणाऱ्याला कडू लागले तरी बोलतात. मात्र त्याची वेळ पाहून.

कठीण सत्य गिळून टाका, असे यात कोठेही सांगितलेले नाही. म्हणून तोंड उघडण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे खरे आहे का? हे कोणाच्या हिताचे आहे का? आणि ही वेळ योग्य आहे का? लाचार माणूस पहिल्याच प्रश्नाला हरतो, कारण तो भीतीने खोटे बोलतो. तापट माणूस तिसऱ्या प्रश्नाला हरतो. खरे बोलूनही त्याची वेळ चुकते.

घरातली दोन इंजिने

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून जादा इंजिने लागतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. लोणावळ्यापर्यंतचा अठ्ठावीस किलोमीटरचा रस्ता, त्यातला बोरघाटाचा चढ कुठे कुठे सदतीस फुटांमागे एक फूट. एकट्या पुढच्या इंजिनाचे ते काम नाही. पण मागून इंजिन लावले म्हणजे काम झाले असेही नाही. पुढच्या आणि मागच्या चालकांत इशारे ठरलेले असतात. केव्हा जोर लावायचा, केव्हा थांबायचे, हे एकमेकांना कळवल्याशिवाय गाडी हलत नाही. पुढच्याने ब्रेक दाबला आणि मागचा ढकलतच राहिला, तर मधल्या डब्यांचे काय होईल, याची कल्पना करा.

संसाराचा घाट असाच आहे. दोन्ही इंजिने जीव तोडून ओढत असतात. कोणते पुढे, कोणते मागे, यावरून कोणी मोठे-लहान ठरत नाही. मात्र इशारा नसला तर मधल्या डब्यांत बसलेल्या मुलांना धक्के बसतात. वरच्या गोष्टीतली मुलगी त्याच डब्यात होती.

घरासाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो. त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, पाळीवरून आलेल्या माणसाला अर्धा तास द्यावा. तो पुरुष असो वा स्त्री. हात-पाय धुऊन, चहा पिऊन होईपर्यंत घरातली गाऱ्हाणी पुढे मांडू नयेत. मात्र आलेल्या माणसानेही तो अर्धा तास संपल्यावर आपणहून विचारले पाहिजे, ‘बोला, आज काय झालं?’ हे न विचारता झोपी जाणे म्हणजे उधारी बुडवण्यासारखे आहे. आणि कारखान्यातून येऊन पदर खोचून थेट चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला तो अर्धा तास कोण देतो, याचाही विचार करावा. ती थकत नाही असे नाही. तिने थकलो असे म्हणायची सोय आपण ठेवलेली नाही.

दुसरी, एका वेळी एकच विषय. गॅसची टाकी संपल्याचे बोलणे निघते आणि पाचव्या मिनिटाला ते लग्नातल्या मानपानापर्यंत जाऊन पोचते. ‘तू नेहमी असंच करतेस,’ ‘तुमच्या घरचे सगळे तसेच,’ या वाक्यांत ‘नेहमी’ आणि ‘सगळे’ हे दोन शब्द घात करतात. ते ऐकले की समोरचा मूळ मुद्दा सोडतो आणि नेहमी नाही, सगळे नाहीत, हे सिद्ध करायला लागतो. त्याऐवजी ‘काल टाकीचं सांगितलं नाहीस, म्हणून माझी धावपळ झाली,’ असे म्हणावे. झाले काय आणि मला त्रास काय झाला, एवढेच.

तिसरी, मुलांना चारचौघांत पाणउतारा करून शिकवू नये. दहावीला गुण कमी पडले म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून पाहुण्यांसमोर बोलणे, हा आपल्याकडे बापाचा हक्कच समजला जातो. बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवून ‘ते दिव्याखाली शिकले आणि तू?’ असे विचारले जाते. मुलाला त्यातून प्रेरणा मिळत नाही, त्याला फोटोची भीती बसते. त्याला एकट्याला जवळ बसवून ‘कोणता विषय जड जातो?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. हे थांबणे महत्त्वाचे. बहुतेक आईबाप प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात.

चौथी, समोरचा बोलत असताना मोबाईल पालथा ठेवावा. जो ऐकताना स्क्रीनवर बोट फिरवतो, त्याला आपण ऐकतोय असे वाटते. बोलणाऱ्याला मात्र आपण भिंतीशी बोलतोय असे वाटते.

कामाच्या ठिकाणी

खोपोली, सावरोली, रसायनी या पट्ट्यात आपली कितीतरी माणसे रासायनिक आणि पोलादी कारखान्यांत राबतात. तिथे बोलण्या-ऐकण्यावर नुसता मानापमान अवलंबून नसतो, जीव अवलंबून असतो. पाळी बदलतानाची पाच मिनिटे आठवा. जाणाऱ्याला गाडी गाठायची घाई, येणारा अजून झोपेतून जागा होत असतो. ‘सगळं ठीक आहे ना?’ ‘हो, ठीक आहे.’ संपले.

१९८८ सालच्या ६ जुलैची गोष्ट आहे. ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा तेल-वायू काढणारा मोठा तळ होता. तिथल्या एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दिवसपाळीत दुरुस्तीसाठी काढला होता. काम अपुरे राहिले, तशी कागदावर नोंदही झाली. परंतु ती गोष्ट रात्रपाळीच्या माणसांपर्यंत नीट पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा पंप चालू केला. वायू फुटला, आग लागली आणि १६७ माणसे गेली. यंत्र नवीन की जुने, पगार किती, देश कोणता, याचा तिथे काही उपयोग झाला नाही. एका पाळीने दुसऱ्या पाळीला सांगायचे राहिले.

म्हणून रिलीव्हरला तोंडी सांगा, लॉगबुकात लिहा आणि शक्य असेल तर जागेवर नेऊन दाखवा. ज्याने ऐकले त्याने ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे: ‘म्हणजे तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही, बरोबर?’ यात कमीपणा कसला? समजले नसता मान डोलावणे हाच खरा धोका. ‘विचारलं तर साहेब म्हणतील, एवढंही कळत नाही,’ ही भीती आपल्या नव्या मुलांत फार आहे. साहेबाने हसले तर हसू द्यावे. हसणे परवडते, हात गमावणे परवडत नाही.

आता साहेबाशी बोलण्याचा प्रश्न. हजेरी चुकली, पगार कापला, रजा नाकारली. आपण दोनच तऱ्हा जाणतो. एक तर आठ दिवस मनात कुढत राहायचे किंवा नवव्या दिवशी सगळ्यांसमोर भडकायचे. भडकलो की साहेबाला आयते कारण मिळते. मूळचा कापलेला दिवस बाजूला राहतो आणि ‘उद्धट वर्तना’ची नोंद पुढे येते. त्याऐवजी तारीख, पाळी, किती तास, कोण साक्षीला होते, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. ‘साहेब, बारा तारखेला मी दुसऱ्या पाळीला होतो, गेटवर नोंद आहे, खाडा लागला आहे. पाहून सांगा, मी उद्या परत येतो.’ आवाज सरळ, नजर समोर, शब्द मोजके. यात हात जोडणे नाही आणि मूठ आवळणेही नाही. उद्या परत जायला मात्र विसरू नये. आणि उत्तर मिळाले नाही तर तेच कागदावर उतरवून द्यावे, एकट्याचे ऐकत नसतील तर चार जणांनी किंवा युनियनने मिळून द्यावे.

सरकारी कचेरीतही हाच नियम. खालापूरच्या तहसील कार्यालयात जा की कर्जतच्या, अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का-तारखेची पोच घ्यावी. तोंडी भांडण हवेत विरते, पोच उरते. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर मागता येते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदाही आहे. पूर्वजांना ज्या कचेरीच्या पायरीवर उभे राहू देत नव्हते, तिथे आपण खुर्चीवर बसून शांतपणे प्रश्न विचारतो, याहून मोठा आवाज कोणता?

भगिनींसाठी एक शब्द. कामाच्या ठिकाणी कोणी अभद्र बोलत असेल, लगट करत असेल, तर तिथे नम्रतेचा प्रश्नच येत नाही. ‘हे मला चालणार नाही,’ असे स्पष्ट आणि मोठ्याने सांगावे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे; जिथे माणसे कमी आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. आणि घरी येऊन तिने हे सांगितले, तर ‘काम सोड’ हे आपले पहिले वाक्य असू नये. पहिले वाक्य असावे, ‘तुझी चूक नाही. आता काय करायचं ते मिळून ठरवू.’

आपल्यापेक्षा दुबळ्याशी आपण कसे बोलतो?

हा प्रश्न टोचणारा आहे, म्हणून तो टाळता येत नाही. आपल्या तालुक्यात कातकरी आणि ठाकर बांधवांच्या वाड्या आहेत. परप्रांतातून आलेली मुले ठेकेदाराच्या खोल्यांत दाटीने राहतात. आपल्यातला एखादा मुकादम झाला, एखाद्याने चार माणसे कामाला लावली, की त्याच्या तोंडी काय भाषा येते? ‘ए कातकऱ्या,’ ‘अरे भय्या, इकडे ये.’ समोरचा माणूस पन्नाशीचा असतो, बोलणारा पंचविशीचा. आपल्या आजोबांना ज्या शब्दांनी घायाळ केले, तेच शब्द आपल्या तोंडून निघावेत?

सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना नमस्कार करी. तथागतांनी त्याला सांगितले की, खऱ्या दिशा म्हणजे आपली माणसे. आईवडील पूर्व, गुरू दक्षिण, बायको-मुले पश्चिम, मित्र उत्तर, धम्मोपदेशक वरची दिशा आणि आपल्या हाताखाली काम करणारे ही खालची दिशा. त्यांनाही नमस्कार आहे. शक्ती पाहून काम द्यावे, वेळेवर अन्न-वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, सुट्टी द्यावी, असे मालकाचे कर्तव्य तिथे सांगितले आहे. ज्याने सहा दिशा सांभाळल्या, त्याचे घर आणि काम दोन्ही सांभाळले गेले. एकीकडे साहेबाने आपल्याला ‘अहो’ म्हणावे अशी अपेक्षा आणि दुसरीकडे आपण कातकरी बाईला ‘ए’ म्हणायचे, हा हिशेब जुळत नाही.

बैठक आणि फोन

शेवटी आपल्या सार्वजनिक जीवनाविषयी थोडे. भीमजयंतीची बैठक आठ वाजता बोलावली जाते, नऊला सुरू होते आणि अकराला भांडणाने संपते. वर्गणी किती, पाहुणा कोण, पत्रिकेत नाव वर की खाली, यांवर दोन गट पडतात. पुढे महिनाभर एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जातात. आता त्यात मोबाईलवरच्या ग्रुपची भर पडली आहे. समोर बसून जे बोलायला आपण धजणार नाही, ते रात्री बारा वाजता बोटाने टाइप करतो. अख्खी वस्ती ते वाचते. सकाळी पुसले तरी कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो.

आक्रोशक भारद्वाज हा ब्राह्मण शिव्या देत आला, तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले होते, तुझ्याकडे पाहुणे आले आणि त्यांनी तू वाढलेले खाल्ले नाही, तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. तसेच हे, भगवंत म्हणाले. ग्रुपवर आलेली प्रत्येक शिवी ताटात वाढून घेतलीच पाहिजे असे नाही. राग आला तर फोन खाली ठेवावा. सकाळी त्या माणसाच्या घरी जावे आणि ‘काल तू लिहिलंस ते मला लागलं, तुझं म्हणणं काय आहे ते नीट सांग,’ असे म्हणावे. दहातली आठ भांडणे चहाच्या पहिल्या कपात विरघळतात, असा आमचा अनुभव आहे. बैठकीतही एक नियम करून पाहावा: आधी बोललेल्याचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे, मगच आपले मत मांडायचे. सुरुवातीला हसे होईल, पण बैठक दहाला संपेल.

एक आठवडा करून पाहा

वाचकहो, एवढे सगळे एकदम जमणार नाही. आम्हालाही जमलेले नाही. भगवंतांनी आपल्या मुलाला, राहुलला, आरसा कशासाठी असतो असे विचारून सांगितले होते की, बोलण्याआधी, बोलताना आणि बोलून झाल्यावर, तिन्ही वेळा आपले बोलणे पाहत जावे. आपण निदान तिसऱ्यापासून सुरुवात करू. रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटे आठवावे की, आज मी कोणाला उगाच लागेल असे बोललो, आणि कोणाचे ऐकून घ्यायचे राहिले. सापडले तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला ‘चुकलं माझं’ म्हणावे. या दोन शब्दांनी कोणाचाही स्वाभिमान आजवर कमी झालेला नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. ती वर्षभर घरी बसली नाही. एका दवाखान्यात मदतनीस म्हणून राहिली आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. या वेळी यादी लागायच्या आधीच वडिलांनी फीच्या पैशांची तजवीज करून ठेवली होती. पण आम्हाला जास्त मोलाची वाटली ती दुसरी गोष्ट. आता रात्रपाळी नसेल त्या दिवशी ते जेवण झाल्यावर मोबाईल कपाटावर ठेवतात आणि ओट्यावर बसतात. काही विचारत नाहीत, नुसते बसतात. कधी मुलगी येऊन बसते, कधी बायको, कधी कोणीच नाही.

आपल्या पूर्वजांनी बोलण्याचा हक्क मिळवण्यासाठी किती किंमत मोजली हे आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो. तो हक्क आपल्या घरातल्या सर्वांत लहान आवाजालाही आहे. तो आवाज ऐकायला आज रात्री थोडा वेळ काढा.